तिसऱ्या मजल्याकडचे

डुबुक.

घरात दहा मिनिटं शांतता होती. दोन वर्षांचं मूल असलेल्या घरात दहा मिनिटं शांतता म्हणजे काहीतरी चाललेलं असतं, हे मला कळायला हवं होतं. पण रविवारची सकाळ होती, चहा गरम होता, माणूस मोहात पडतो. मी कप तोंडाला लावला आणि मोरीतून आवाज आला. डुबुक. मग थोडं थांबून आणखी एक, जरा जड.

आमच्याकडे पाणी चार दिवसांनी येतं, म्हणून मोरीत एक निळं पिंप कायम भरलेलं असतं. सुमेध त्याच्या शेजारी पाटावर उभा राहून त्यात बटाटे सोडत होता. चौथा बटाटा टीव्हीचा रिमोट होता.

"मी त्याला सांगितलं होतं, हे पोहत नाहीत म्हणून," मैत्री म्हणाली. ती साडेचार वर्षांची आहे आणि कुठल्याही अपघाताच्या वेळी साक्षीदार म्हणून हजर असते.

"आणि तू काय करत होतीस?"

"मोजत होते."

मी कोपरापर्यंत हात घालून रिमोट काढला, झटकला, तांदळाच्या डब्यात खुपसला. सुमेध टाळ्या वाजवत होता. मैत्री मात्र मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिली आणि म्हणाली, "आई, आज आपण खरं कुठेतरी जायचंय. सांगता येईल असं. तू शुक्रवारी म्हणालीस."

म्हणाले होते. शुक्रवारी माणूस काहीही म्हणतो.

त्याचं असं आहे. मैत्रीच्या शाळेत दर सोमवारी सगळ्या मुलांना गोल बसवतात आणि टीचर एकेकाला विचारतात, काल कुठे गेला होतात? हा खेळ ज्यानं काढला त्याच्या घरी लहान मूल नसणार. कुणी आत्याकडे गेलेलं असतं, कुणी मामाकडे, कुणी आजोबांच्या मळ्यात, एक मुलगा तर दर आठवड्याला पुण्याला जातो म्हणे आणि सरकत्या जिन्यावरून चारदा वर, चारदा खाली करतो. आमची बदली होऊन वर्ष झालं. सोलापुरात ना आमची आत्या, ना मामा. सगळं गणगोत तिकडे बार्शीकडच्या गावात. तर मैत्रीनं एका सोमवारी सांगितलं, मी गिरणीत गेले होते. दुसऱ्या सोमवारी सांगितलं, गिरणीत. तिसऱ्या सोमवारी मुलंच ओरडली, "गिरणी!" आणि हसली. गेल्या सोमवारी ती काही बोललीच नाही. डायरीत टीचरनी लाल पेनानं लिहून पाठवलं: मैत्री आज गोलात गप्प होती.

ते वाक्य मी दोन दिवस पदराला बांधून फिरले. साडेचार वर्षांच्या पोरीला गप्प बसायला कुणी शिकवलं? मी. मीच तिला सांगण्यासारखा रविवार दिला नाही.

प्रयत्न केले नाहीत असं नाही हां. तलावावर गेलो तेव्हा सुमेध रिक्षातच झोपला आणि मैत्रीला पाण्यापेक्षा कणसाची गाडी आवडली. किल्ल्यात गेलो तर तिनं पहिल्या दरवाज्यातच विचारलं, राजा कुठे आहे, आणि राजा नाही म्हटल्यावर परत फिरली. नान्नजला माळढोक बघायला गेलो. तीन तास उन्हात बसून आम्ही माळ पाहिला. मैत्रीनं सोमवारी सांगितलं असतं की आम्ही एक पक्षी नसलेला पाहिला, पण तेव्हा नेमकी शाळेला सुट्टी होती.

तर या रविवारसाठी माझ्याकडे एक हुकमाचं पान होतं. मोबाईलवर जाहिरात आली होती: किलबिल किड्स झोन, सात रस्त्याजवळ, तिसरा मजला. मऊ गाद्या, रंगीत बोगदे, घसरगुंडी, एसी. मार्च संपत आला होता, बाहेर चाळीस डिग्री. मला तर नुसता एसी हा शब्द वाचूनच डोळ्यांत पाणी आलं.

माझा नवरा धर्मपाल वीज मंडळात आहे आणि सबस्टेशनला रविवार नसतो. त्याला फोन केला.

"फोन करून खात्री केलीस का, चालू आहे का ते?" त्यानं विचारलं.

"जाहिरात आहे म्हणजे चालूच असणार की."

"प्रिया, जाहिरातीला तारीख असते."

"आणि तुझ्या पोराला रिमोट पाण्यात टाकायची हौस असते. आम्ही निघालो."

दुपारी जुळे सोलापूर या आमच्या वस्तीतून आम्ही तिघं रिक्षात बसलो. आसरा चौकापर्यंत सुमेधनं डायपर ओढून काढलं आणि विजयी वीरासारखं हातात धरलं. दुसरं डायपर पिशवीत होतं, पण चालत्या रिक्षात या मुलाला डायपर घालणं म्हणजे मांजराला स्वेटर. म्हटलं, वर गेल्यावर बघू.

इमारत सापडली. लिफ्टही होती. मी तीनचं बटण दाबलं, सुमेधनं उरलेली सगळी. दार उघडलं तेव्हा थंडगार हवेचा झोत अंगावर आला आणि समोर पाटी दिसली: "चपला इथे काढा."

आत मऊ पांढऱ्या गाद्याच गाद्या. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. लोड, तक्के, आरसे, आणि मधोमध लाल, पिवळ्या, जांभळ्या कापडांचा कमरेइतका ढीग. त्यात दोन पोरं आधीच लोळत होती.

"आई!" मैत्री एवढंच म्हणाली आणि चपला उडवून त्या ढिगात शिरली. सुमेध तिच्या मागे. मला वाटलं, काय सुंदर किड्स झोन केलाय! पालकांची पण सोय केली आहे, बायका गोलात बसल्या आहेत, चहा चाललाय. जाहिरातीत बोगदे होते ते कुठे आहेत एवढंच मी शोधत होते, तोवर एका माणसानं हवेत एक पैठणी उलगडली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा दुसरा मजला होता. हे साड्यांचं दुकान होतं. आणि हा कुणाच्यातरी लग्नाचा बस्ता होता.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं मिळून एकाच दिवशी सगळ्या कापडांची खरेदी करतात. नवरीचा शालू, मानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या. दोन्हीकडची म्हणजे किती, याला हिशेब नसतो. आम्हां बौद्धांच्या लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. माझी तर आईनं वीस मिनिटांत घेतली होती, त्यातली दहा मिनिटं ती पिशवी मागत होती. असला गाद्यांवरचा सोहळा मी लांबूनच पाहिलेला.

मी पोरांना उचलायला वाकले तेवढ्यात एक ठसठशीत बाई उठल्या. मोठं कुंकू, हातात यादी, आवाज शाळेच्या घंटेसारखा. या नवरीच्या आत्या, वैजयंतीबाई, हे नंतर कळलं.

"या या, उशीर केलात की! बसा. जागा द्या गं त्यांना, तिकडच्या आल्या." आणि हळूच शेजारणीला, "मुलाकडच्या आहेत, चहा आण आधी."

मी तोंड उघडलं. तोंडासमोर चहा आला.

समोरच्या बाजूला लोडाला टेकून एक वयस्कर बाई बसल्या होत्या. हिरवं इरकल, नाकात मोठी चमकी, तोंडात पान. या नवऱ्याच्या आजी, अक्कम्मा, अक्कलकोटकडच्या, बोलण्यात मधूनच कानडी. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि मान डोलावली. "बा, बा, हितं बस की. मुलीकडची दिसतीस. पोरं ग्वाड हायत गं तुझी."

म्हणजे इकडचे समजत होते मी तिकडची, तिकडचे समजत होते मी इकडची. आणि मी होते पंख्याखाली, एसीत, हातात चहा घेऊन. मी ठरवलं, चहा संपला की खरं सांगायचं आणि निघायचं. मग भजी आली. भजी संपली की सांगू.

खरं सांगू का, कारण भजी नव्हतं. मैत्री त्या ढिगात कुण्या पाहुण्यांच्या पोरीबरोबर गुहा करत होती. एक पदर छप्पर, दोन लोड खांब. ती आत बसून मोठमोठ्यानं बोलत होती. गप्प नव्हती. महिन्याभरात मी तिला एवढं मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. त्या गुहेतून तिला बाहेर ओढून, उन्हात उभं करून, "हे आपलं नाही" असं सांगायची हिंमत होती कुणाला? म्हटलं, पाच मिनिटं.

साड्या उलगडणारा माणूस महेश्वर. पन्नाशीचा, गळ्यात टेप, हात असे चालत की साडी हवेतच थांबायची. "नुसतं काय बघालाव, हात लावून बघा की," तो सगळ्यांना सांगत होता. पण बघायचं काही उरलंच नव्हतं. शालू ठरत आला होता. गाद्यांच्या मधोमध तो पसरून ठेवला होता आणि दोन्हीकडची माणसं त्याच्याभोवती जरा जास्तच गंभीर चेहऱ्यानं बसली होती.

शालू चॉकलेटी होता. त्यावर सोन्याचे मोर होते. मोर म्हणजे असे तसे नाहीत, प्रत्येक मोर कोंबडीएवढा, आणि प्रत्येकाच्या चोचीत द्राक्षाचा घड. एका पदरावर अकरा. मी मोजले. माझी मुलगी मोजण्याचं कुणाकडून शिकली हे आता कळलं असेल.

"छान आहे की," वैजयंतीबाई म्हणाल्या, अक्कम्मांकडे बघत. "तुम्हाला आवडलाय म्हणजे झालं."

"आमचं काय, तुमी पसंत केलाव तर आमाला बी पसंत," अक्कम्मा म्हणाल्या. "भारी हाय. वजन बी हाय."

"तुमच्या पसंतीपुढे आम्ही जाणार नाही."

"तुमच्या मनाविरुद्ध आमी न्हाय करणार."

नवरी, ऋतुजा, मध्ये बसली होती. गोरीमोरी. त्या मोरांकडे ती अशी बघत होती जसं मी इंजेक्शनकडे बघते. पण ती नवरी. तिला कोण विचारतं? मी तर भजी खात होते, मला त्याहून कमी.

"मग बांधू का?" महेश्वरनं विचारलं.

त्या क्षणी मी सुमेधला पाहिलं.

तो शालूच्या बरोबर मधोमध उभा होता. सातव्या आणि आठव्या मोराच्या मध्ये. दोन्ही पाय जरा फाकलेले, हात पोटावर, नजर छताकडे, चेहऱ्यावर साधुसंतांसारखी शांती. ही शांती मला ओळखीची आहे. या शांतीनंतर चार सेकंद मिळतात. आणि डायपर पिशवीत होतं.

मी विचार केला नाही. चहा बाजूला फेकला, गाद्यांवरून गुडघ्यांनीच सरकत गेले, एका हातानं सुमेधला वर उचललं आणि दुसऱ्या हातानं त्याच्या खालचा शालू असा खेचला की अकरा मोर एकदम उडाले. शालू गोळा होऊन कोपऱ्यात जाऊन पडला. मी पोराला हातभर लांब धरून, ओरडत, "नाही नाही नाही नाही!" खांबामागे पळाले. तिथे एक कुंडी होती. त्यात मोठं हिरवंगार झाड. कसेबसे वेळेत पोचलो.

झाड प्लास्टिकचं होतं. कुंडीत माती नव्हती, पांढरे गोटे होते. आवाज फार झाला.

खांबाच्या या बाजूला फक्त महेश्वर होता. तो गठ्ठा घ्यायला आला होता. त्यानं पाहिलं, गोट्यांकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं.

"असू द्या," तो हळूच म्हणाला. "चार वर्षांत कुणी पाणी घातलं नव्हतं त्याला."

मी पिशवीतलं डायपर काढलं, पोराला बांधलं, केस सारखे केले आणि आता काय बोलणी खायची ती खाऊ म्हणून बाहेर आले. सगळे माझ्याकडे बघत होते. कुणी हललं नव्हतं.

अक्कम्मांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं. "मुलीकडच्यास्नी शालू पसंत न्हाय," त्या म्हणाल्या.

त्याच वेळी वैजयंतीबाई म्हणाल्या, "मुलाकडच्यांना आवडलेला दिसत नाही."

मग दोघी एकमेकींकडे वळल्या.

"आमाला तर पयल्यापास्नं न्हाय आवडला," अक्कम्मा म्हणाल्या. "तुमी नको म्हणालाव तर सुटलो की आमी. हे मोर बघून मला रातीला झोप लागली नसती."

"अहो, आम्ही तुमच्यासाठी घेत होतो!" वैजयंतीबाईंचा आवाज फाटला. "आम्हाला वाटलं तुमच्याकडे असलंच चालतं!"

"आमच्याकडं? असलं? आमच्याकडं म्हशीवर बी नाही टाकत."

एक क्षण मला वाटलं, लग्न मोडलं. आणि माझ्या पोराच्या लघवीमुळे मोडलं. मग अक्कम्मा हसायला लागल्या. त्यांचं हसणं पोटापासून येत होतं, चमकी हलत होती. वैजयंतीबाईंनी तोंडाला पदर लावला. दोन्हीकडच्या बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसू लागल्या. गेला तासभर सगळ्या एकमेकींचं मन राखत त्या चॉकलेटाकडे बघत बसल्या होत्या. कुणालाच तो नको होता.

ऋतुजानं कुणाला दिसणार नाही असा माझा हात दाबला. "ताई," ती कुजबुजली, "तो आमसुली रंगाचा दाखवायला सांगा ना. मघाशी खालून तिसरा होता. मी सांगितलं तर म्हणतील नवरीला जीभ आहे."

आता मी काय कमी होते? सासरची म्हणून माहेरात आणि माहेरची म्हणून सासरात माझं वजन पडलं होतं. मी घसा साफ केला. "महेश्वरभाऊ, तो आमसुली काढा बघू. खालून तिसरा."

महेश्वरनं माझ्याकडे असं पाहिलं की त्याला सगळं ठाऊक आहे, आणि मान लववून शालू उलगडला. साधा होता. बारीक काठ. नवरीच्या खांद्यावर पडला आणि मुलीचा चेहराच बदलला. तिकडून "छान!" आलं, इकडून अक्कम्मांचं "छलो!" आलं, आणि दोन्हीकडून सगळे माझ्याकडे बघू लागले. मी बोटानं खूण केली: बांधा.

एवढी सत्ता मला माझ्या स्वतःच्या घरात कधी मिळाली नाही.

पुढचा अर्धा तास मी मोठ्या मजेत काढला. कुठला काठ, कुठला पदर, कुणाला काय शोभेल. मी बोलायचा अवकाश, दोन्हीकडचे हो म्हणायचे. मैत्रीची गुहा आता दुमजली झाली होती. सुमेध नऊवारींच्या गठ्ठ्यावर झोपून गेला होता आणि महेश्वर त्याच्या बाजूनं हळूच साड्या ओढत होता, गाढ झोपलेल्या मांजराखालचा पेपर ओढावा तसा.

मग मानाच्या साड्या निघाल्या. वैजयंतीबाईंनी माझ्या मांडीवर एक साडी ठेवली. "मुलाकडच्या पाहुण्यांचा मान." मी नको नको म्हणते तोवर समोरून अक्कम्मांनी दुसरी ठेवली. "मुलीकडच्यांचा मान आमी करायचा की."

दोन साड्या. मांडीवर. चहा पिणं, भजी खाणं वेगळं आणि दुसऱ्याच्या मानाच्या साड्या घेऊन जाणं वेगळं. मी दोन्ही उचलून खाली ठेवल्या. "नको. खरंच नको. मला तुम्हाला एक..."

"नको कशी? नाव सांगा, पिशवीवर लिहायचंय," वैजयंतीबाईंनी पेन काढलं आणि अक्कम्मांकडे वळल्या. "यांचं नाव काय हो?"

"मला काय माहीत? तुमच्याकडची की ती."

"आमच्याकडच्या? त्या तुमच्याकडच्या ना?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मनात एकच: मैत्री बघतेय. आत्ता हे लोक जे बोलतील ते ती उद्या गोलात सांगेल, नाहीतर आयुष्यभर कुठल्याच गोलात काही सांगणार नाही.

गुहेतून डोकं बाहेर आलं. केस विस्कटलेले, अंगाला जरीचा धागा चिकटलेला.

"तुम्ही कुणाकडचे गं, बाळा?" वैजयंतीबाईंनी तिला विचारलं.

"आम्ही तिसऱ्या मजल्याकडचे," मैत्री स्पष्ट म्हणाली.

आता सांगण्यावाचून सुटका नव्हती. मी सगळं सांगितलं. गिरणी, गोल, लाल पेन, माळढोक, किड्स झोन, लिफ्ट. मोरांवरचं खरं कारणसुद्धा. "आम्ही फिरायला आलो होतो," शेवटी मी म्हणाले, आणि ते माझ्या कानांनाच इतकं विचित्र वाटलं की मान वर करवेना.

"फिरायला?" वैजयंतीबाई म्हणाल्या. "बस्त्याला?"

"नाव काय म्हणालीस?" अक्कम्मांनी विचारलं.

"बुद्धप्रिया. बुद्धप्रिया तळभंडारे."

नाव सांगितल्यावर समोरचा माणूस एक श्वास थांबतो. ते मला लहानपणापासून माहीत आहे. मी आपोआप मोजते. त्या दिवशीही थांबले काहीजण. एकीनं भज्यांची बशी जरा स्वतःकडे ओढली, की मलाच तसं वाटलं, कुणास ठाऊक. अक्कम्मांनी पान चावलं.

"बुद्धप्रिया," त्या म्हणाल्या. "लई लांब नाव. पिशवीवर मावंल का गं, वैजयंती?"

"दोन ओळीत लिहिते," वैजयंतीबाई म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं. "पण कुणाकडून लिहू? साडी आमच्याकडून जाणार म्हणजे या मुलाकडच्या धरायच्या."

"का म्हणून? आमी पयली हाक मारली तिला. आमच्याकडून साडी, मुलीकडची धरा."

"पहिली हाक मी मारली! चहा कुणी दिला?"

"भजी कुणी दिली?"

आणि दोन्हीकडची माणसं, जी तासाभरापूर्वी मोरांसारख्या मोरांवर एक शब्द बोलत नव्हती, ती माझ्यावरून तोंड भरून भांडायला लागली. मी साड्या नको म्हणत होते ते कुणी ऐकतच नव्हतं. भांडता भांडता वैजयंतीबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे बघा, गुरुवारी दागिने बघायचेत. तुम्ही या. आम्हाला एकमेकींना नाही म्हणायला जमत नाही."

"आन् पोराला बी आण," अक्कम्मा म्हणाल्या. "त्याला बसवू की दागिन्यावर. जे आवडणार न्हाय ते कळंल."

शेवटी त्यांनी दिलेली लग्नाची पत्रिका तेवढी पर्समध्ये घातली आणि साड्यांतली एकच घेतली, ती कुणाकडची ते मला अजून माहीत नाही, कारण महेश्वरनं भांडण टाळायला दोन्ही पिशव्यांची अदलाबदल करून एक माझ्या हातात कोंबली.

लिफ्टपाशी तो पोचवायला आला. "वरचं ते किड्स झोन बंद पडून चार महिने झाले," तो म्हणाला. "दर रविवारी दोन-तीन फॅमिल्या चुकून हितंच उतरतात. पोरं खेळतात, आई-बाप एसी खातात, आमी बी काय बोलत न्हाय. पण मानाची साडी घेऊन जाणाऱ्या तुमीच पयल्या."

धर्मपालला रिक्षातून फोन केला. त्यानं पहिलंच विचारलं, "चालू होतं का?" मी म्हटलं, "जोरात."

ऊन उतरलं होतं. सुमेध मांडीवर, डायपरसकट, हे महत्त्वाचं. मैत्री माझ्या दंडाला टेकून बसली होती आणि उद्याची तयारी करत होती. ओठ हलत होते. मग तिनं मला मोठ्यानं म्हणून दाखवलं: "काल मी लग्नाच्या बस्त्याला गेले होते. तिथे डोंगर होता साड्यांचा. मी गुहा केली. माझ्या भावानं मोर उडवले. आम्हाला साडी दिली. लग्नाला पण बोलावलंय."

"छान," मी म्हणाले. "अगदी असंच सांग."

"मग टीचर विचारतील, कुणाचं लग्न."

"ऋतुजाताईचं, म्हणून सांग."

"मग त्या विचारतील, ती तुमची कोण."

रिक्षा सिग्नलला थांबली. मी पिशवीकडे पाहिलं. वैजयंतीबाईंनी खरंच दोन ओळीत नाव लिहिलं होतं, ठळक: बुद्धप्रिया, आणि खाली तळभंडारे. त्याच्यापुढे एक रेघ मारून जागा मोकळी सोडली होती, कुणाकडून ते नंतर लिहायला.

मैत्रीनंही ती रेघ पाहिली. तिला अजून वाचता येत नाही, पण मोकळी जागा कळते. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे वर बघून विचारलं,

"आई, लग्नात आपण कुणाकडून बसायचं?"